प्रकाशाची मात्रा

वाशीम जिल्ह्यात सोरायसिस घेऊन जगणाऱ्या अनेकांना एक गोष्ट डॉक्टरांनी न सांगताही ठाऊक असते. चट्टे उन्हाळ्यात ओसरतात आणि दिवाळीनंतर, हवा कोरडी पडू लागली की पुन्हा डोके वर काढतात. सगळ्यांचे असे होत नाही. थोड्या रुग्णांचा आजार उन्हाने उलट चिघळतो. पण बहुतेकांचा हा अनुभव खरा आहे. त्याचे कारण मात्र गावोगाव चुकीचे सांगितले जाते. उन्हाने कातडी सुकते, चट्टा वाळतो आणि गळून पडतो, असे लोक समजतात. प्रत्यक्षात ऊन त्वचेत शिरून तिथे जमलेल्या रोगप्रतिकारक पेशींच्या कामात हात घालते. काहींना मारते, काहींना तिथून हलवते, काहींचा स्वभावच पालटते. हे नीट समजले तर दवाखान्यात दिव्याखाली उभे करून दिला जाणारा उपचार आठवड्यातून तीनदा का, मोजूनमापून का आणि मधेच सोडू नये असे का सांगतात, तेही समजते.

आधी आजाराकडे पाहू. आपल्या कातडीच्या वरच्या थरातली पेशी तळाशी जन्मते, हळूहळू वर सरकते आणि साधारण महिनाभराने न दिसणारा कोंडा होऊन गळते. सोरायसिसच्या चट्ट्यात हाच प्रवास तीन ते पाच दिवसांत उरकतो. पेशी पिकायच्या आतच वर येतात, एकावर एक थर साचतात आणि चंदेरी पापुद्रे दिसू लागतात. पापुद्रा नखाने खरवडला तर खाली टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके उमटतात, कारण वाढीला लागणारे रक्त पुरवायला बारीक वाहिन्या अगदी पृष्ठभागाजवळ आलेल्या असतात. आणखी एक खूण शेतकरी घरांत हमखास दिसते. जिथे सतत घासले जाते, कापले जाते, तिथे नवा चट्टा उठतो. फवारणीच्या पंपाचा पट्टा खांद्यावर रुततो ती रेघ, परकराची नाडी कमरेला आवळते ती रेघ, विळा लागून झालेली जखम. या प्रकाराची नोंद जर्मन वैद्य कोबनर यांनी १८७२ मध्ये केली, आणि आजही वैद्यकाची पुस्तके तो त्यांच्याच नावाने ओळखतात.

हा आजार स्पर्शाने पसरत नाही. विदर्भात हे ठासून सांगावे लागते, कारण अंगावर चट्टा दिसला की लोकांच्या मनात पहिली शंका कुष्ठरोगाची येते. कुष्ठरुग्णांसाठीचे अमरावतीचे तपोवन आणि वरोऱ्याचे आनंदवन ज्या भूमीत उभे राहिले, तिथे ही भीती किती खोल रुजली असेल हे वेगळे सांगायला नको. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर स्पर्श कळत नाही, बधिरता असते. सोरायसिसच्या चट्ट्यावर स्पर्श नीट कळतो, खाजही येते. आणि कुष्ठरोगसुद्धा आज गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, तेव्हा कोणत्याच चट्ट्यापायी कोणाला पंगतीतून उठवण्याचे कारण नाही.

बराच काळ डॉक्टरही सोरायसिसला निव्वळ कातडीच्या पेशींचा दोष मानत होते. १९७९ मध्ये एक धागा हाती आला. प्रतिकारशक्ती दाबणारे सायक्लोस्पोरिन हे औषध संधिवाताच्या काही रुग्णांना दिले होते, आणि त्यांचे सोरायसिसचे चट्टे त्याने झपाट्याने साफ झाले. औषध काम करत होते ते टी-पेशींवर. म्हणजे गुन्हेगार कातडीची पेशी नव्हती, तिला डिवचणारे दुसरेच कोणी होते. पुढच्या तीस वर्षांत हे चित्र स्पष्ट झाले. त्वचेतल्या वृक्षाकार पेशी, ज्यांचे काम बाहेरून काय आत आले याची खबर टी-पेशींना देणे, त्या विनाकारण चेततात आणि इंटरल्यूकिन-२३ नावाचा संदेशरेणू सोडतात. त्यावर टीएच-१७ जातीच्या टी-पेशी पोसल्या जातात. त्या इंटरल्यूकिन-१७ सोडतात. त्यामुळे कातडीच्या पेशी भराभर वाढतात आणि स्वतःही असे रेणू सोडतात की आणखी प्रतिकारक पेशी तिथे धावत येतात. चक्र बंद होत नाही. एरवी अशा वेळी आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशीही असतात, पण सोरायसिसमध्ये त्यांचा धाक चालेनासा होतो.

आता या चक्रात प्रकाश कुठे शिरतो ते बघू.

उपचारासाठी वापरतात तो अतिनील प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. त्यातला ‘बी’ पट्टा साधारण २८० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो आणि तो मुख्यतः कातडीच्या वरच्या थरातच शोषला जातो. (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) तो शोषणारा मुख्य पदार्थ पेशीचा डीएनए. प्रकाश पडला की डीएनएच्या शेजारशेजारच्या दोन घटकांची चुकीची गाठ बसते. अशा गाठी थोड्या असल्या तर पेशी त्या दुरुस्त करते. जास्त झाल्या तर ती स्वतःला संपवते. हा मृत्यू शांतपणे होतो, आजूबाजूला दाह न पसरवता. गंमत अशी की चट्ट्यात घुसलेल्या टी-पेशी या माऱ्याला कातडीच्या पेशींपेक्षा कितीतरी हळव्या असतात. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील संशोधकांनी उपचाराआधी आणि नंतर चट्ट्यांचे बारीक तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. १९९५ मध्ये त्यांनी दाखवले की ज्यांचा आजार बरा झाला त्यांच्या वरच्या थरातल्या टी-पेशी निवडून नाहीशा झाल्या होत्या. १९९९ मध्ये ३१२ नॅनोमीटरच्या प्रकाशाने चट्ट्यातल्या टी-पेशी याच आत्मनाशाने मरतात हे त्यांनी सिद्ध केले. २०१० पर्यंत हेही दिसले की उपचार यशस्वी झालेल्या चट्ट्यांत इंटरल्यूकिन-२३ आणि १७ यांची साखळीच दबलेली असते. ज्यांचे चट्टे सुधारले नाहीत त्यांच्यात ती तशी दबत नाही. अलीकडची महागडी इंजेक्शने नेमक्या याच साखळीवर घाव घालतात. प्रकाश तिथे त्यांच्या कितीतरी आधी पोचला होता, फक्त कोणाला माहीत नव्हते.

पण टी-पेशी मारणे एवढेच काम असते तर परिणाम लवकर ओसरला असता, कारण रक्तातून नव्या पेशी येतच राहतात. खरी नवलाची गोष्ट उंदरांवरच्या प्रयोगांतून बाहेर आली. अमेरिकेत मार्गारेट क्रिप्के यांनी १९७०च्या दशकात पाहिले की अतिनील प्रकाशाने उंदराला झालेली त्वचेची गाठ काढून दुसऱ्या निरोगी उंदरात रोवली तर त्याचे शरीर ती झिडकारते. पण तो दुसरा उंदीरही आधी त्या प्रकाशाखाली राहिलेला असेल तर गाठ खुशाल वाढते. म्हणजे प्रकाशाने त्याच्या प्रतिकारशक्तीला एका गोष्टीकडे कानाडोळा करायला शिकवले होते. त्याहून पुढचे असे की, अशा उंदराच्या पेशी दुसऱ्याला दिल्या तर हा कानाडोळाही त्याच्याकडे जातो. तेव्हा ज्यांना दमनकारी पेशी म्हटले गेले, त्यांचे काम आज आपण मुख्यतः नियामक टी-पेशींच्या नावे ओळखतो. सोरायसिसच्या रुग्णांत हे घडते का? २०१३ मध्ये जपानी संशोधकांनी प्रकाशोपचार घेतलेल्या रुग्णांचे रक्त तपासले, तेव्हा टीएच-१७ पेशींचे प्रमाण उतरलेले आणि नियामक पेशींचे प्रमाण व कार्य सावरलेले आढळले. चट्टा कोपरावर, दिवा कातडीवर, आणि फरक रक्तात! मला या साऱ्या कथेत ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

हा निरोप कातडीतून आत जातो कसा? एकाहून अधिक वाटांनी. कातडीत पहारा देणाऱ्या लँगरहॅन्स पेशी प्रकाश पडल्यावर तिथून निघून जवळच्या लसिकाग्रंथीत जातात आणि तिथे टी-पेशींना चेतवण्याऐवजी शांत राहायला शिकवतात. कातडीच्या अगदी वरच्या मृत थरात युरोकॅनिक आम्ल असते. प्रकाशात त्याच्या रेणूची घडण बदलते आणि बदललेला रेणू प्रतिकारशक्तीला मवाळ करतो, हे १९८३ मध्ये मांडले गेले. त्याआधी या आम्लाकडे कातडीचे घरचे ऊनरोधक म्हणून पाहत असत. कातडीच्या पेशी इंटरल्यूकिन-१० सोडतात, जो दाह निववतो. आणि याच थरात ड जीवनसत्त्व तयार होते, जे नियामक पेशींना बळ देते. डीएनएवरच्या गाठी मात्र या सगळ्याच्या मुळाशी आहेत. क्रिप्के आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये त्या गाठी सोडवणारे विकर उंदरांच्या कातडीवर लावले, तेव्हा प्रकाशाने मवाळ झालेली प्रतिकारशक्ती मूळपदावर आली.

मग सारा आजारच का जात नाही? चट्टा पुसल्यावरही त्या जागी काही टी-पेशी मागे राहतात. त्या रक्तात परत जात नाहीत, तिथेच मुक्काम ठोकतात आणि आठवण ठेवतात. सोयाबीनच्या वावरात निंदण केल्यावर तण दिसेनासे होते, पण बी मातीत असतेच. पहिल्या पावसाबरोबर ते त्याच जागी उगवते. सोरायसिसही बहुधा पूर्वीच्याच जागी परततो. तरी अनेक रुग्णांना एका फेरीनंतर महिनोन् महिने विसावा मिळतो, आणि तो मलमांच्या जोरावर मिळणाऱ्या विसाव्याहून टिकाऊ असतो.

प्रतिकारशक्ती दबते म्हटल्यावर भीती वाटणे साहजिक आहे. आपल्या भागात ही भीती क्षयाची आहे. सोरायसिसवरच्या इंजेक्शनांपैकी टीएनएफ हा दाहाचा रेणू रोखणाऱ्या औषधांनी दबलेला क्षय उसळू शकतो, म्हणून ती देण्याआधी छातीचा फोटो आणि इतर तपासण्या करतात. प्रकाशाचा परिणाम मुख्यतः कातडीपुरता असतो. असा धोका त्याच्या खात्यावर नोंदलेला नाही. उन्हात राबल्यावर काहींच्या ओठांवर पाणीदार बारीक फोड उठतात, ते मात्र प्रकाशाने त्वचेतला पहारा सैल केल्याचेच लक्षण. यकृताचा त्रास असणाऱ्यांना सोरायसिसवर देतात त्या मेथोट्रेक्झेटच्या गोळ्या चालत नाहीत, गरोदर स्त्रियांना तर त्या वर्ज्यच. अशा वेळी ‘बी’मधल्या मोजक्याच तरंगलांब्यांचा, म्हणजे अरुंद पट्ट्याचा प्रकाश फार उपयोगी पडतो.

या उपचाराच्या इतिहासात आपल्या मुलखाची दोन द्रव्ये डोकावतात, आणि त्यांचा उल्लेख केल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. एक म्हणजे गोवा पावडर. ब्राझीलमधल्या एका झाडाच्या खोडातली ही पिवळी पूड पोर्तुगीजांच्या जहाजांतून गोव्यात आली आणि गजकर्णावर खपू लागली. १८७६ मध्ये लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ बालमॅनो स्क्वायर यांना ती सोरायसिसवर लागू पडल्याचे दिसले. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत तिची कृत्रिम बहीण, डायथ्रॅनॉल, तयार झाली. १९५३ मध्ये इंग्लंडचे इनग्रॅम यांनी डायथ्रॅनॉलला अतिनील प्रकाशाची जोड देऊन उपचारपद्धती बसवली. अमेरिकेत गोकरमन १९२५ पासून डांबराच्या मलमाबरोबर प्रकाश देत होतेच.

दुसरे द्रव्य बावची. तिच्या बिया आयुर्वेदात कोडावर देत आणि रुग्णाला उन्हात बसवत. १९३३ मध्ये भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी या बियांतून सोरालेन वेगळे केले. हा रेणू डीएनएच्या पायऱ्यांत जाऊन बसतो आणि अतिनीलच्या दुसऱ्या, ‘ए’ पट्ट्याचा प्रकाश पडताच दोन्ही धाग्यांना एकमेकांशी जखडतो. १९७४ मध्ये हार्वर्डच्या पॅरिश आणि फिट्झपॅट्रिक यांनी सोरालेनची गोळी आणि ‘ए’ प्रकाशाचा दिवा यांचा सोरायसिसवरचा उपचार जाहीर केला. तोच पुवा. दिवे नसलेल्या भारतीय दवाखान्यांनी दिव्याऐवजी सूर्य घेतला आणि त्याला पुवासोल म्हटले. गरीब रुग्णांसाठी ही मोठी सोय होती, पण पुवाचा हिशेब पुढे चुकवावा लागला. अमेरिकेत १९७५ पासून मागोवा घेतलेल्या गोऱ्या रुग्णांत, फार मोठ्या संख्येने बैठका घेतलेल्यांना त्वचेचा कर्करोग वाढलेला दिसला. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेत हा धोका बराच कमी असला तरी, जिथे उपलब्ध आहे तिथे आता पहिली पसंती अरुंद पट्ट्याच्या ‘बी’ प्रकाशाला असते.

हा अरुंद पट्टा कुठून आला? पॅरिश आणि येनिके यांनी १९८१ मध्ये चट्ट्यांवर वेगवेगळ्या तरंगलांब्या मारून पाहिल्या. २९० नॅनोमीटरच्या खाली कातडी भाजते, गुण मात्र येत नाही. ३१३च्या आसपास भाजणे कमी आणि गुण जास्त. त्यावरून जवळपास फक्त ३११ ते ३१३ नॅनोमीटरचा प्रकाश देणाऱ्या नळ्या तयार झाल्या आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीस वापरात आल्या. आज उभ्या कपाटासारखे दिसणारे जे यंत्र असते त्यात त्याच नळ्या बसवलेल्या असतात. डोळ्यांवर गॉगल, गुप्तांगावर कापड, आणि पहिली बैठक मिनिटभराच्या आतबाहेर. त्वचेच्या रंगावरून पहिली मात्रा ठरते, मग दर बैठकीला ती दहा-वीस टक्क्यांनी चढवतात. दुसऱ्या दिवसापर्यंत मावळणारी हलकी लाली चालते. दुखले, फोड आला तर मात्रा चुकली. बहुतेकांना वीस ते तीस बैठका लागतात.

इथे एक प्रश्न मनात येतोच. वाशीमला उन्हाची काय वाण? जिल्हा विसाव्या अक्षांशाजवळ, उन्हाळ्यात भर दुपारी अतिनील निर्देशांक सर्वांत तीव्र श्रेणीत. मग दिवा कशाला? कारण उन्हात गुण देणारा पट्टा थोडाच असतो. जमिनीवर पोचणाऱ्या अतिनील प्रकाशात साधारण पंच्याण्णव टक्के ‘ए’ पट्टा, उरलेला ‘बी’, आणि त्या ‘बी’मध्येही तरंगलांब्यांची सरमिसळ. शिवाय सकाळी नऊचे ऊन आणि साडेबाराचे ऊन यांची मात्रा एक नव्हे, श्रावणातली आणि चैत्रातलीही नव्हे. पाठीवर, कमरेवर, मांडीवर चट्टे असलेला माणूस वावरात उघडा काम करत नाही. त्याचे ऊन चेहऱ्यावर आणि हातांवर पडते, जिथे चट्टे बहुधा नसतात. मृत समुद्राकाठी जगभरचे सोरायसिसचे रुग्ण ऊन घ्यायला जातात, कारण समुद्रसपाटीपासून चारशे मीटरहून अधिक खोल असलेल्या त्या जागी हवेचा जादा थर भाजणाऱ्या तरंगलांब्या गाळून घेतो.  वाशीमच्या माळावर अशी नैसर्गिक गाळणी नाही.

बावचीचे तेल चोपडून दुपारी उन्हात बसण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. त्याने भाजल्यासारखे मोठे फोड येतात, आणि भाजलेल्या जागी कोबनरच्या नियमाने नवा चट्टा उठतो. तसेच मेडिकलच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय स्टिरॉइडचे मलम आणून वर्षानुवर्षे लावणे. २०१८ पासून अशा अनेक मलमांना चिठ्ठी सक्तीची झाली आहे, ती उगाच नाही. आणि स्टिरॉइडची गोळी किंवा सुई घेऊन अचानक बंद केली तर आजार पूच्या फोडांसकट अंगभर उसळू शकतो.

अडचण खरी आहे ती अंतराची. वाशीमहून अकोला सुमारे ८० किलोमीटर. ज्याला तिथे जाऊनच उपचार घ्यावा लागतो त्याला आठवड्यातून तीन खेपा म्हणजे ४८० किलोमीटर, दहा आठवड्यांत ४,८०० किलोमीटर. रिसोड किंवा मानोऱ्याच्या खेड्यातून निघणाऱ्या मजुराची त्या तीन दिवसांची मजुरी बुडते ती वेगळीच. आणि मृगात पेरणी आली की बैठका तुटतात. प्रकाशाने आवरलेल्या पेशी त्या खंडात पुन्हा भरतात आणि त्वचेची सवयही मोडते. आठवडाभराच्या खंडानंतर मात्रा वाढवता येत नाही, महिनाभराच्या खंडानंतर जवळजवळ पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. भारतातल्या पाहण्यांत सोरायसिसचे प्रमाण ०.४४ ते २.८ टक्के आढळले आहे. २०११च्या जनगणनेत वाशीमची लोकसंख्या ११ लाख ९७ हजार होती. खालचा आकडा धरला तरी जिल्ह्यात या आजाराची काही हजार माणसे निघतील.

यावर तोडगा जगाने शोधला आहे. नेदरलँड्समध्ये २००९ साली आणि अमेरिकेत २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, घरी छोटे यंत्र देऊन घेतलेला प्रकाशोपचार दवाखान्यातल्या उपचाराच्या तोडीचा ठरला. अमेरिकेच्या अभ्यासात ७८३ रुग्ण होते आणि त्यांत गडद त्वचेचे लोकही पुरेसे होते. घरोघरी यंत्र देणे आपल्याला आज झेपणारे नाही, पण तालुक्याला एक यंत्र झेपेल. वाशीम २०१८ पासून आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे, आणि ९ ऑक्टोबर २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या राज्यातल्या दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत वाशीमचेही आहे. या महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात प्रकाशोपचार रोज चालावा, आणि कारंजा, रिसोड, मंगरुळपीर, मालेगाव, मानोरा इथल्या सरकारी रुग्णालयांत एकेक छोटे यंत्र व ते चालवणारा प्रशिक्षित माणूस असावा, अशी मागणी जिल्हा परिषदेच्या सदस्यांनी, आमदारांनी आणि रुग्णांनी स्वतः लेखी करावी. यंदाच्या जिल्हा नियोजनाच्या बैठकीआधी करावी.

ज्यांच्या घरात असे चट्टे असलेले कोणी आहे त्यांनी त्वचारोगतज्ज्ञाला एवढे जरूर विचारावे : आमच्या माणसाला दिव्याचा उपचार चालेल का, आणि तो जवळ कुठे मिळेल?